वेगाचे चालान: पैसे मालकाचे, गुन्हा कोणाचा?

ई-चालान म्हणजे काय, ते मोबाईलवर कुठे पाहायचे आणि कसे भरायचे, हे नागपूरकरांना आता सांगावे लागत नाही. वर्धा रोड, अमरावती रोड किंवा आऊटर रिंग रोडवरून रोज जा-ये करणाऱ्या बहुतेक घरांत तो संदेश एकदा तरी येऊन गेलेला आहे. ‘पैसे भरून टाक, विषय संपव’ हा त्यावरचा नेहमीचा घरगुती सल्ला. 2019 पर्यंत तो कायद्याच्या दृष्टीनेही बऱ्यापैकी बरोबर होता. आता तो बरोबर राहिलेला नाही. तो कसा बदलला, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

मोटारींसाठी देशभर लागू असलेला पहिला कायदा 1914 चा, त्यानंतरचा 1939 चा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते आणि रस्त्यावर टांगे-बैलगाड्या मोटारींपेक्षा किती तरी जास्त होत्या. त्या जमान्यातली एक तरतूद अजूनही शिल्लक आहे. एकट्या साक्षीदाराने ‘गाडी फार जोरात होती’ असे नुसते सांगितले, म्हणून अतिवेगाच्या गुन्ह्यात कोणाला दोषी धरता येत नाही. ब्रिटनच्या 1903 च्या मोटार कायद्यात असेच बंधन होते. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ते कलम 183 मध्ये आले आणि साक्षीदाराचा अंदाज यंत्राच्या आधाराने काढलेला असावा, अशी अट त्यात आहे.

हा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. अतिवेगाला पहिल्या वेळी 400 रुपयांपर्यंत आणि त्यानंतर 1,000 रुपयांपर्यंत दंड होता. पण चौकातल्या हवालदाराकडे वेग मोजायचे साधन नसल्याने पावती फाटायची ती सिग्नल तोडल्याची, ट्रिपल सीट बसल्याची, नाही तर कागदपत्रे जवळ नसल्याची. वेगाचा गुन्हा पुस्तकात होता, रस्त्यावर जवळजवळ नव्हता. हा काळ आपण फार लवकर विसरलो आहोत. आज वेगाच्या चालानाबद्दल जो राग दिसतो, त्याच्या मुळाशी दंडाच्या रकमेइतकीच ती जुनी सवय आहे, असे मला वाटते. वेगाला शिक्षा नसते, हे गृहीत धरूनच एक अख्खी पिढी गाडी शिकली.

चित्र पालटले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षेवर एक समिती नेमली आणि पुढच्याच वर्षी समितीने राज्यांना कळवले की अतिवेग, सिग्नल तोडणे, दारू पिऊन किंवा मोबाईलवर बोलत गाडी चालवणे अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करा. अधिकार आधीपासून होताच, तो वापरला जात नव्हता. त्यानंतर नागपुरात स्मार्ट सिटीच्या कामातून शेकडो चौकांत मिळून साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे लागले आणि चालानासाठी सारे राज्य एकाच संगणक प्रणालीवर आले. महामार्गावर लेझर स्पीडगन बसवलेल्या इंटरसेप्टर गाड्या उभ्या राहू लागल्या. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या नव्या कारमध्ये ताशी 80 किलोमीटर ओलांडले की अधूनमधून आणि 120 ओलांडले की सतत वाजणारा इशारा सक्तीचा झाला. त्यामुळे ‘वेग लक्षातच आला नाही’ ही सबबही लंगडी पडली.

मग 2019 ची मोठी दुरुस्ती आली. ती आणणारे खाते ज्या केंद्रीय मंत्र्यांकडे होते, ते नागपूरचेच खासदार. हलक्या वाहनाला अतिवेगासाठी 1,000 ते 2,000 रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला 2,000 ते 4,000 रुपये दंड ठरला. देशात बहुतेक ठिकाणी 1 सप्टेंबर 2019 पासून तो लागू झाला, पण महाराष्ट्रात नाही. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. दंड फार आहेत, फेरविचार करा, असे पत्र राज्यातून केंद्राला गेले. निवडणुकीनंतर सरकार बदलले, मग कोरोना आला, आणि राज्याने नवे दर लागू केले ते थेट डिसेंबर 2021 मध्ये. दुचाकी-तीनचाकीला 1,000, कारला 2,000 आणि अवजड वाहनांना 4,000 रुपये. सव्वादोन वर्षांचा हा उशीर लोकांवर दया म्हणून झाला, असे तेव्हा बोलले गेले. मला ते पटत नाही. त्या काळात सारी चर्चा रकमेभोवती फिरली आणि दुरुस्तीतला खरा बदल कोणाच्या नजरेत आला नाही.

हा बदल जरा सविस्तर सांगायला हवा. चालानाचे पैसे भरतो तेव्हा आपण दंड भरत नसतो. कलम 200 प्रमाणे ती तडजोडीची रक्कम असते. पोलीस म्हणतात, एवढे द्या, आम्ही प्रकरण न्यायालयात नेत नाही. ती दिली की पुढे कारवाई नाही, न्यायाधीशासमोर उभे राहणे नाही, दोषी ठरणेही नाही. 2019 पूर्वी गोष्ट खरोखरच तिथे संपत असे. दुरुस्तीने त्या कलमात दोन अटी घातल्या. पहिली, तडजोड झाली तरी तो गुन्हा आधी केलेला गुन्हा म्हणून मोजला जाईल. दुसरी, तडजोड केल्याने लायसन्सवरची कारवाई टळणार नाही. याच्या जोडीला कलम 183 मध्येही भर पडली. अतिवेगाचा दुसरा किंवा त्यापुढचा गुन्हा असेल तर चालकाचे लायसन्स जप्त करून ते देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायचे. म्हणजे आज भरलेले 2,000 रुपये हे उद्याच्या दुसऱ्या गुन्ह्याची पहिली नोंद असू शकते.

आता चालान उघडून पाहा. त्यात गाडीचा नंबर असतो, ठिकाण, तारीख, वेळ, मोजलेला वेग, कलम आणि नंबरप्लेटवर रोखलेल्या कॅमेऱ्याचा फोटो असतो. गाडी कोण चालवत होते, याबद्दल मात्र एक अक्षर नसते. मागून काढलेल्या फोटोत चेहरा दिसत नाही, समोरून काढला तरी काचेआडचा माणूस ओळखू येतोच असे नाही. संदेश जातो नोंदणीत ज्याचा मोबाईल नंबर आहे त्याला. एमएच-31 किंवा एमएच-49 ची गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा, आठवड्यातून दोनदा ड्रायव्हर, आणि चालान भरते सून, कारण फोनवरून पैसे पाठवणे तिला जमते. मग आधी गुन्हा केलेला नेमका कोण? वडील, ज्यांनी वर्षभरात स्टिअरिंगला हात लावला नाही?

कायद्याकडे याला उत्तर नाही असे नाही. कलम 133 प्रमाणे, अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारले तर चालकाचे नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणे मालकाला बंधनकारक आहे. पण त्यासाठी आधी कोणीतरी विचारायला हवे, आणि पैसे भरून मोकळे झालेल्या मालकाला विचारायचे कारण यंत्रणेला उरत नाही. कायद्याने वजन टाकले ते चालकाच्या लायसन्सवर, यंत्रे बसली ती गाडीच्या नंबरवर. लोकांची तक्रार ‘सरकार पैसे काढते’ एवढ्यावरच अडकते. माझी तक्रार वेगळी आहे. पुन्हा पुन्हा गाडी दामटणाऱ्याला रस्त्यावरून दूर ठेवायची जी ताकद दुरुस्तीने दिली, ती पैसे वसूल होताच हातातून निसटते, आणि ज्याने गाडी चालवलीच नाही त्याच्या नावावर नोंद होते.

न भरलेल्या चालानांचा गुंता निराळा. अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, कैद नाही. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात अशा गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्याची मुदत सहा महिने आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम 468 मध्ये होती, नव्या संहितेतही आहे. तरीही वर्षानुवर्षांची चालाने ऑनलाईन खात्यावर थकीत दिसत राहतात आणि लोकअदालतीच्या आधी त्यांचे संदेश येतात. लोकअदालत ही पुन्हा तडजोडच आहे. तिथे हजर राहून रक्कम भरली तर प्रकरण मिटते, गेले नाही म्हणून आपोआप कोणी दोषी ठरत नाही. मुदत संपलेल्या चालानाचे काय, यावर नागपूरच्या न्यायालयाबाहेर प्रत्येक वकील वेगळा सल्ला देईल. थकबाकी दिसते म्हणून गाडीच्या विक्रीच्या वेळी बहुतेक जण मुकाट्याने भरतात, आणि प्रश्न न सुटता मागे पडतो.

यंत्रांनाही नियम आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम आला. त्याप्रमाणे वेग मोजणाऱ्या उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. पुढे कॅमेऱ्याची नजर आहे, असा फलक रस्त्यावर हवा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस जायला हवी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत चित्रण जपून ठेवायला हवे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांतले मोक्याचे चौक आणि नियमासोबतच्या यादीतली 132 शहरे यात येतात. नागपूर दोन्हींत बसते. चालान चुकीचे वाटत असेल तर वाद घालायची जागा ही आहे. चौकात मामांशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही.

मर्यादा नेमकी किती, यावरही वाद झालेला आहे. एप्रिल 2018 मध्ये केंद्राने कारसाठी द्रुतगती मार्गावर 120, चारपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर 100 आणि शहरातल्या रस्त्यावर 70 अशी कमाल मर्यादा ठरवली. दुचाकीला शहरात 60. स्थानिक अधिकारी त्याहून कमी मर्यादा ठेवू शकतात, मात्र तसा फलक लावायला हवा. 2021 मध्ये दक्षिणेतल्या एका उच्च न्यायालयाने, अपघाताच्या नुकसानभरपाईचे प्रकरण ऐकताना, ही वाढवलेली मर्यादाच रद्द ठरवली. वेग हेच अपघाताचे कारण असताना मर्यादा वाढवायची कशी, हा त्यामागचा सवाल होता. पुढच्याच वर्षी, 11 डिसेंबर 2022 ला, नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. रस्त्याची आखणी 150 च्या वेगासाठी, कारला परवानगी 120 ची.

समृद्धीने नागपूरकरांना वेगाची नवी ओळख करून दिली. सरळसोट रस्ता, मध्ये गाव नाही, वळण नाही, आणि अपघातांमागून अपघात. इथल्याच एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेच्या अभ्यासाने त्या एकसुरीपणातून चालकाला येणाऱ्या गुंगीकडे बोट दाखवले. 1 जुलै 2023 च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 जणांचा जीव गेला. त्या वर्षी आरटीओची पथके ठरलेल्या वेळेच्या आधी पोहोचणाऱ्या गाड्या बाजूला घेऊन चालकांचे समुपदेशन करत होती. प्रवेश आणि बाहेर पडण्याच्या वेळेवरून सरासरी काढायची, बस्स. चालक समोर, लायसन्स हातात, वेग आकड्यात. मघाशी सांगितलेला गुंता इथे नव्हताच, तरी भर समजुतीवर राहिला, याची मला अजून हळहळ वाटते.

अपघातात कोणाचा जीव गेला की चालानाचा विषय मागे पडतो आणि फौजदारी कायदा पुढे येतो. इथे वेगाला वाटते तेवढी किंमत नाही. गाडी जोरात होती एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये ट्रक उलटल्याच्या एका प्रकरणात सांगितले आणि ते आजही वकील पुढे करतात. रस्ता कसा होता, गर्दी किती होती, वेग नेमका किती होता, हे पुराव्याने मांडावे लागते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली ती पाच वर्षांपर्यंत झाली. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद त्याच कलमात आहे, पण जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला, नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ते पोटकलम लागू न करताच बाजूला ठेवले गेले.

कलम 183 मधलीच आणखी एक जुनी तरतूद आहे. मर्यादा मोडल्याशिवाय गाठताच येणार नाही असे वेळापत्रक जो छापतो, किंवा तेवढ्या वेळात पोहोचायचा हुकूम जो देतो, त्यानेच चालकाला वेग मोडायला लावले, असे सकृतदर्शनी धरता येते. रात्री सुटून सकाळी पुण्यात उतरवणाऱ्या ट्रॅव्हल्सला, तासाभरात हिंगण्याहून कामठीपर्यंत चार पार्सल पोहोचवायला लावणाऱ्या ॲपला ती लागू होऊ शकते. कॅमेऱ्याने काढलेले चालान मात्र पार्सल पोहोचवणाऱ्या पोराच्या मोटारसायकलच्या नंबरवर येते, आणि हजार रुपये त्याच्याच खिशातून जातात.