साडेसात ते दहा: सोलापूरच्या उन्हाळी रात्री आणि स्वस्तातले कार्यक्रम

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. दुपारी बाजार ओस पडतो आणि शहर पुन्हा हलायला लागते ते सूर्य कलल्यावर. मेच्या मध्यावर सूर्य सातला दहा मिनिटे कमी असताना मावळतो. डांबर, फरशी आणि शहाबादी मात्र साडेसातपर्यंत आग ओकत राहतात. हे झाले एक टोक. दुसरे टोक कायद्याचे आहे: रात्री दहाला भोंगा बंद. मधे उरतात जेमतेम अडीच तास. उन्हाळ्यात सोलापुरात जे काही फुकट किंवा स्वस्तात बघायला-ऐकायला मिळते, ते या अडीच तासांत बसवावे लागते, नाहीतर चार भिंतींच्या आत न्यावे लागते. रात्र अशी आखडत कशी गेली, ते समजल्याशिवाय आजच्या कार्यक्रमांची रचना कळत नाही.

पूर्वी रात्र लांब होती आणि करमणूक तिच्या मापाने बेतलेली होती. पेशवाईच्या उत्तरार्धातला शाहीर राम जोशी याच शहरातला. घराणे शास्त्री-कीर्तनकारांचे, ओढ मात्र तमाशाच्या फडाची. कीर्तन आणि तमाशा हे दोन्ही प्रकार रात्रीचे, उघड्यावरचे आणि बिनतिकिटाचे. कीर्तनकाराची बिदागी देवस्थान देणार, फडाची सुपारी गाव देणार. आजही ‘फुकट’ कार्यक्रमामागचा हिशोब तोच आहे. प्रेक्षक पैसे देतोच, पण दारात नव्हे, महिनाभर आधी वर्गणीच्या पावतीवर. मंडळाच्या कार्यक्रमाला तिकीट लावले की वर्गणीदार बिथरतो, त्याचे कारण हेच. त्याने आपला वाटा केव्हाच दिलेला असतो.

ढोलकी फडाचा, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या तमाशा मंडळाचा, हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि अक्षय्य तृतीया ते बुद्ध पौर्णिमा या सुमारास संपतो. शेवटचा दीडेक महिना म्हणजे चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा, आणि फडांची खरी कमाई त्यातच. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात आणि जत्रांच्या तारखा ठरतात. गण (नमन), गवळण, बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावण्या) आणि मग वग (कथानकाचे नाटक) ही सगळी मांडणी गृहीत धरते की प्रेक्षकाला पहाटेपर्यंत घाई नाही. गण-गवळणीत गर्दी स्थिरावते, रंगबाजीत पैसे फिरतात, आणि मध्यरात्रीनंतर, हवा थंड झाल्यावर, वग उभा राहतो. आता वेळ तुटली की पहिली कात्री वगावरच चालते. राहतात त्या लावण्या आणि हिंदी-मराठी गाण्यांवरचे नाच. तमाशात आता वग राहिला नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी घड्याळही बघावे.

सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या मोडनिंबची संगीत बारी हा वेगळा हिशोब. तिथे थिएटर बंदिस्त असते, मुक्काम कायमचा असतो आणि उत्पन्न तिकिटापेक्षा बैठकीवर चालते. स्वस्त करमणुकीत तिची गणना करू नये. दौलतजादा, म्हणजे गाण्यावर पैसे उधळणे, सुरू झाला की खिसा कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

शहराची रात्र बदलली ती गिरण्यांनी. १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, जिला लोक अजून ‘जुनी मिल’च म्हणतात. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी उभ्या राहिल्या. गिरणीमुळे तीन गोष्टी नव्याने आल्या: ठरलेल्या दिवशी हातात पडणारा रोख पगार, पाळी, आणि पाळी सुटल्यावर एकाच वेळी रस्त्यावर येणारी हजारो माणसे. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी ही गर्दी एकाच करमणुकीला जमायची, तर भाषा फारशी आड न येणारा प्रकार हवा होता. सिनेमा तसा होता. तीन, सहा, नऊ ही खेळांची वेळापत्रके कामगाराच्या दिवसात बरोबर बसली. उन्हाळ्यात तर टॉकीज ही गरिबाने चार आण्यांत घेतलेली सावली होती. खेळ कुठला, हा प्रश्न नंतरचा. मल्टिप्लेक्स हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाही टॉकीजमालक भागवतांच्या एकाच आवारात अनेक थिएटरे होती, आणि एका पडद्यावर ‘हाउसफुल्ल’ लागले की माणूस दुसऱ्या खिडकीकडे वळत असे.

गिरणीने दुसरी एक फुकट रात्र दिली: सभा. बार्शीत जन्मलेले, गिरणी कामगारांच्या चळवळीतून पुढे आलेले अमर शेख १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत कम्युनिस्ट चळवळीच्या लाल बावटा कलापथकात उभे राहिले. या पथकांना ना नेपथ्य लागत होते, ना नाट्यगृह. डफ, तुणतुणे आणि पल्लेदार आवाज पुरत होता. गिरणीच्या फाटकापुढे किंवा मैदानात पोवाडा आधी आणि भाषण नंतर, हा क्रम ठरलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच साचा गावोगाव वापरला गेला. सोलापुरात सभांची परंपरा त्याही आधीची आहे. मे १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यात शहर पेटले, १२ मेला मार्शल लॉ लागला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. महापालिकेचे नाट्यगृह ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ या नावाने ओळखले जाते ते त्यांच्यामुळे. नाटकाचे तिकीट काढताना हे क्वचितच कुणाच्या लक्षात येते, एवढेच.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कामगार यंत्रमागावर गेले, बायका विड्या वळत होत्या त्या वळतच राहिल्या. पगाराचा एक दिवस गेला आणि आठवड्याची मजुरी आली. दोनशे-तीनशे रुपयांचे तिकीट ज्या घरात महिन्यातून एकदा निघाले असते, तिथे ते निघेनासे झाले. याच काळात टीव्ही, मग केबल आणि मोबाइल आले. २००८ पासून तर उन्हाळी संध्याकाळींवर आयपीएल बसले आहे. सामना हल्ली साडेसातला सुरू होतो, नेमका आपल्या अडीच तासांच्या तोंडाशी.

नाटकाकडे पाहिले तर उलटा खेळ दिसतो. सगळ्यात स्वस्त तिकीट हिवाळ्यात मिळते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात होते आणि तिचे तिकीट गेली अनेक वर्षे १५ आणि १० रुपये आहे; चहाच्या भावात दोन अंकी नाटक. डॉ. जब्बार पटेल, अतुल कुलकर्णी यांचे सुरुवातीचे नाट्यशिक्षण ज्या शहरात झाले, तिथे हौशी रंगभूमीला आजही याच स्पर्धेचा आधार आहे. मेमध्ये मात्र मुंबई-पुण्याहून व्यावसायिक नाटक आणायचे म्हणजे पुण्यापासून सुमारे २५० आणि मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर बस आणि सेटचा ट्रक, कलाकारांचा मुक्काम, नाट्यगृहाचे भाडे आणि वर वातानुकूलनाचे तास. दिवसभर तापलेला हॉल पडदा उघडताना थंड झालेला हवा असेल तर यंत्रणा दोन-तीन तास आधी लावावी लागते, आणि नवखा संयोजक नेमके तेच पैसे हिशोबात धरायला विसरतो. दरडोई ५०० रुपयांपर्यंतच्या नाटक-संगीताच्या प्रवेशावर जीएसटी नाही. ही मर्यादा २०१७ मध्ये २५० होती, जानेवारी २०१८ मध्ये वाढली. म्हणून दर ५०० च्या आत ठेवण्याकडे कल असतो. ५०१ लावले की कर पूर्ण रकमेवर बसतो, फक्त वरच्या रुपयावर नाही.

आता दहाच्या टोकाकडे. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम २००० साली आले आणि १८ जुलै २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना धार आली. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. माईक नसला की चालते, हलगी-ताशा वाजवला तर काय बिघडले, असे अनेक मंडळांना अजून वाटते. २०१० च्या दुरुस्तीनंतर ते चुकीचे आहे. वाद्यही रात्री उघड्यावर वाजवता येत नाही. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागेला, आवाज आतल्यांपुरता राहत असेल तर. याशिवाय राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सण-सांस्कृतिक प्रसंगी, दहा ते बारा अशी दोन तासांची मुभा देऊ शकते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. त्यातले बहुतेक गणपती-नवरात्रात खर्ची पडतात आणि उन्हाळ्याच्या वाट्याला १४ एप्रिल, १ मे असे एखाद-दुसरे येतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी त्या वर्षीची यादी बघावी, गेल्या वर्षीची नव्हे. दहाच्या आतही आवाज मोकाट नाही: जागेच्या हद्दीवर तो त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा एकूण ७५ डेसिबल, यातला जो आकडा कमी, त्याच्या आत हवा.

गंमत अशी की महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने दुकान, खानावळ रात्रभर उघडी ठेवायची वाट मोकळी केली. म्हणजे रात्री दोनला खाता येईल, पण सव्वादहाला उघड्यावर गाता येणार नाही. ‘नाइट लाइफ’चे सोलापुरी रूप यातूनच खाण्याकडे झुकले: पार्क चौपाटी, सात रस्ता, रमजानमध्ये विजापूर वेशीतला बाजार. चांद्र पंचांगामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. काही वर्षे तो ऐन उन्हाळ्यात होता, आता हिवाळ्याकडे निघाला आहे.

शास्त्रीय संगीताला ही वेळ सगळ्यात जाचक. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग. उघड्या मैदानावर पावणेदहालाच भैरवी घ्यावी लागली तर कलाकार बागेश्रीपर्यंतही नीट पोचत नाही. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरच्या बैठकींची परंपरा सोलापूरकरांच्या आठवणीत आहे. चाळीस-पन्नास माणसांची, बिनमाईकची, दारे लावलेली बैठक हा आजही स्वस्तातला उत्तम तोडगा आहे, आमच्या मते मैदानापेक्षाही. भजन-कीर्तनाची खुली सोय मात्र अक्कलकोटला होते. स्वामी समर्थांनी १८७८ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्या पुण्यतिथीच्या आसपास तिथे कीर्तन-गायन आणि अन्नछत्रातला महाप्रसाद असतो. अंतर सोलापूरहून चाळीस किलोमीटरच्या आत, प्रश्न फक्त परतीच्या शेवटच्या एसटीचा. ती आधी विचारून ठेवावी.

उघड्यावर करायचेच असेल, तर वेळ वाचवण्याची युक्ती कार्यक्रमपत्रिकेत असते. साडेसातचा कार्यक्रम आठला सुरू झाला की १५० पैकी ३० मिनिटे गेली. त्यात पाहुण्यांचे सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि प्रास्ताविकाचे आभार मिळून चाळीस. मुख्य कलाकाराच्या हाती उरतात ऐंशी मिनिटे. सत्कार मध्यंतरात उरकावेत किंवा पत्रिकेतच नावे छापून मोकळे व्हावे. शेवटचे गाणे ९.४५ ला सुरू झालेच पाहिजे. पोलीस दहाला येतात तेव्हा ‘एकच गाणं राहिलंय’ हे ते रोज ऐकत असतात.

जागा मातीची किंवा गवताची निवडावी, सिमेंटची नव्हे. पाणी साडेपाच-सहाला शिंपडावे. सातला शिंपडले तर दमट वाफ उठते आणि सतरंजी चिखलात बसते. ढोलकी, तबला, हलगी उन्हात तापलेल्या मंचावर आधीपासून ठेवू नयेत. कोरड्या हवेत चामडे ताणते, स्वर चढतो, आणि रात्री हवा उतरली की पुन्हा पडतो. सावलीत ठेवून सातला एकदा आणि मध्यंतरात एकदा सूर तपासला की निभावते. एरवी हलगी शेकून घ्यावी लागते, मेमध्ये बहुधा लागत नाही. दिवे मंचाच्या डोक्यावर लावले की किडे थेट गायकाच्या तोंडात. एक झगझगीत दिवा वीस-पंचवीस फुटांवर, प्रेक्षकांच्या मागे, किड्यांसाठीच लावून ठेवावा आणि मंचावर पिवळसर, मंद प्रकाश घ्यावा. दोनशे माणसांना अडीच तासांसाठी वीस लिटरचे किमान सहा-सात जार लागतात. तीन पुरतील असे म्हणणारा माणूस मेमध्ये सोलापुरात राहिलेला नसतो.

तारखेचे गणित निराळे. लग्नाच्या दाट तिथीला साउंडवाला मिळत नाही, मिळाला तर दीडपट सांगतो. आणि त्या पेठेत पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येते ते आधी विचारावे. काही दिवसांआड येणारे पाणी जर संध्याकाळी आठला सुटणार असेल, तर समोर नुसते पुरुष आणि पोरे बसतात. घरातल्या बायका नळाशी असतात, आणि मग ‘महिला प्रेक्षक का येत नाहीत’ यावर चर्चासत्रे होतात.

राहिला वळीव. तो बहुधा दुपारनंतर भरून येतो आणि पावसाआधी धुळीचे वारे सोडतो. मंडपाच्या बाजूच्या कनाती वाऱ्यात शिडासारख्या फुगतात आणि खांब उखडतात, म्हणून आभाळ भरताच आधी कनाती उतरवाव्यात, छत नंतर. वीज मेन स्विचपासून तोडावी, आणि मगच स्पीकरचे स्टँड आडवे करावेत, वायरींचे जोड विटेवर उचलून प्लास्टिकने गुंडाळावेत. जवळच्या शाळेचा हॉल किंवा मंगल कार्यालयाचे जेवणघर त्या संध्याकाळसाठी आधीच बोलून ठेवलेले असेल तर कार्यक्रम अर्ध्या तासात आत हलतो, आणि बंदिस्त जागेत गेल्यामुळे दहाची टांगती तलवारही सुटते.