ऑपेरा-फँटसी : पियानोवरील विस्मृत रचना आणि त्यांचे पुनरागमन

ऑपेरातील (पाश्चात्त्य संगीतनाटकातील) गाणी, समूहगीते आणि नाट्यप्रसंग घेऊन एकट्या पियानोसाठी रचलेल्या, वादकाच्या तयारीचा कस लावणाऱ्या मैफली रचना. फँटसी, पॅराफ्रेज, रेमिनिसन्स अशा नावांनी त्या छापल्या जात. १८३० ते १८५० या काळात पॅरिसमध्ये त्यांचे अक्षरशः पेव फुटले होते. पुढे त्या कार्यक्रमांतून जवळजवळ हद्दपार झाल्या आणि १९६० नंतर काही पियानोवादकांनी त्या चिकाटीने पुन्हा वाजत्या केल्या.

ध्वनिमुद्रण नसलेल्या त्या काळात ऑपेरा ऐकायचा तर नाट्यगृहातच जावे लागे. एखादा ऑपेरा गाजला की प्रकाशक त्यातल्या चालींवरच्या रचना पियानोवादकांकडून लिहून घेत. त्यांतल्या बऱ्याचशा घरगुती वादनासाठी, बेताच्या अवघड असत. या नोंदीचा विषय त्या नव्हेत. इथे विचार आहे तो फ्रान्झ लिस्ट (१८११–१८८६), झिगिस्मोंट थालबर्ग (१८१२–१८७१) आणि त्यांच्या बरोबरीच्या वादकांनी स्वतःच्या मैफलींसाठी बांधलेल्या रचनांचा. पियानोची यंत्रणाही त्यांना साथ देत होती. सेबास्तियँ एरार यांच्या १८२१ मध्ये पेटंट झालेल्या यंत्ररचनेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. एका स्वराची भराभर पुनरावृत्ती करणाऱ्या जागा त्यामुळेच लिहिता आल्या.

थालबर्ग यांची खासियत म्हणजे ‘तीन हातांचा’ आभास. मुख्य चाल पियानोच्या मधल्या सप्तकांत ठेवायची, ती दोन्ही अंगठ्यांनी आलटून-पालटून वाजवायची, पेडलने तिचे स्वर धरून ठेवायचे आणि उरलेल्या बोटांनी खर्जापासून तारापर्यंत स्वरांच्या लाटा उसळत ठेवायच्या. रोस्सिनींच्या ‘मोझे’ या ऑपेरावरील त्यांच्या फँटसीच्या शेवटी इजिप्तमधून निघालेल्या इस्रायली लोकांची प्रार्थना येते, तिथे हे तंत्र उत्तम कळते. चाल संथ आणि सरळ आहे, तिच्याभोवतीचे स्वरजाल दाट होत जाते, पण चालीचा एकही स्वर बुडता कामा नये. वादकाची खरी परीक्षा वेगात नसून अंगठ्यांच्या वजनात आहे. लहान-मोठी बोटे धावत असताना अंगठ्याने गायकासारखा स्वर लावायचा, ही गोष्ट वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय जमत नाही. पुढे थालबर्ग यांनी पियानोवर गायकी कशी आणावी याचे धडे म्हणून ऑपेरातील गीतांच्या रूपांतरांची एक मालिकाच प्रसिद्ध केली. गोविंदराव पटवर्धनांनी हार्मोनियमवर वाजवलेली नाट्यपदे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना शब्दांविना पद ‘गाणे’ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

३१ मार्च १८३७ रोजी पॅरिसमध्ये राजकुमारी क्रिस्तिना बेलजोयोजो यांच्या दिवाणखान्यात इटालियन निर्वासितांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत लिस्ट आणि थालबर्ग आमनेसामने आले. थालबर्ग यांनी ‘मोझे’ वाजवली, तर लिस्ट यांनी पाचिनींच्या ‘निओबे’वरील फँटसी. याच मैफलीसाठी राजकुमारीने सहा संगीतकारांना बेलिनींच्या ‘ई प्युरितानी’मधील एका संचलनगीतावर प्रत्येकी एक आवर्तन (व्हेरिएशन, म्हणजे त्याच चालीचे बदललेले रूप) लिहायला सांगितले होते. लिस्ट, थालबर्ग, पिक्सिस, हेर्झ, चेर्नी आणि शोपँ असे ते सहा जण. रचना वेळेत पूर्ण झाली नाही, नंतर ‘हेक्सामेरॉन’ या नावाने ती निघाली. तीत गडगडाटी आवर्तनांमागून शोपँ यांचे संथ, अंतर्मुख आवर्तन येते. साऱ्या रचनेतली ती सर्वांत सुंदर जागा आहे.

या प्रकाराचा कळस म्हणजे लिस्ट यांच्या १८४१ मधील दोन रचना. मोत्सार्ट यांच्या ‘डॉन जोव्हान्नी’वरील ‘रेमिनिसन्स द दाँ जुआँ’ची सुरुवात ऑपेराच्या सुरुवातीने होत नाही. ती होते नायकाच्या हातून मारल्या गेलेल्या सेनापतीच्या दफनभूमीतील पुतळ्याच्या वाणीने : पहाट होण्याआधी तुझे हसणे थांबेल. मग नायक डॉन जोव्हान्नी आणि झेर्लिना यांचे शृंगारिक द्वंद्वगीत आवर्तनांसह येते आणि शेवटी नायकाचे बेभान मद्यगीत. हाही क्रम ऑपेरातला नाही. ऐन बेहोशीत पुतळ्याची छाया पुन्हा डोकावते. पाप, मोह आणि शासन यांचे हे लिस्ट यांनी केलेले स्वतंत्र वाचन आहे, आणि त्याला नुसती कसरत म्हणणाऱ्या समीक्षकांनी ते नीट ऐकलेच नाही असे म्हणावे लागते. बेलिनींच्या ‘नॉर्मा’वरील रचनेत तर लिस्ट यांनी ‘कास्ता दीवा’ हे सर्वांत लोकप्रिय गीतच गाळले. त्यांचे लक्ष होते नॉर्माच्या आत्मबलिदानावर, म्हणून त्यांनी मुख्यतः शेवटच्या अंकातील करुण प्रसंग आणि युद्धाचा उन्माद समोरासमोर ठेवले. टाळ्यांसाठीच लिहायचे असते तर ‘कास्ता दीवा’ कोणी सोडले असते?

या रचना शरीराचीही कसोटी पाहतात. १८९१ मध्ये विद्यार्थी असलेल्या अलेक्झांडर स्क्रियाबिन यांनी ‘दाँ जुआँ’ आणि बालाकिरेव्ह यांची ‘इस्लामेय’ ही अवघड पियानोरचना यांचा अतिरियाज करून उजवा हात दुखावून घेतला होता.

त्या विस्मृतीत गेल्या त्याला कारणे अनेक. मेयरबेअर, ओबेर, पाचिनी यांचे ऑपेराच मागे पडले, तेव्हा श्रोत्यांना ओळखीची चाल ऐकू येईना. ग्रामोफोन आल्यावर मूळ गायनच घरात आले. मोठा आघात मात्र अभिरुचीतील बदलाचा होता. संगीतकार आणि समीक्षक शूमान यांनी १८३० च्या दशकापासूनच हेर्झ यांच्यासारख्यांच्या चमकदार रचनांवर टीकेची झोड उठवली होती. विसाव्या शतकात मूळ संहितेशी प्रामाणिक राहणे हाच वादकाचा धर्म ठरला आणि दुसऱ्याच्या संगीतावर उभी राहिलेली रचना दुय्यम मानली जाऊ लागली. पियानोवादक-संगीतकार फेरुचो बुसोनी यांनी याला ठाम विरोध केला. त्यांच्या मते मनातली कल्पना कागदावर उतरवणे हेच पहिले रूपांतर असते. लिस्ट यांची अपूर्ण राहिलेली ‘फिगारो’ फँटसी त्यांनीच पूर्ण करून १९१२ मध्ये छापली. पुढे सिमॉन बारेर आणि मॉस्कोचे ग्रिगोरी गिन्झबुर्ग यांनी ध्वनिमुद्रणांतून ही परंपरा तेवत ठेवली.

पुनरुज्जीवनाची खरी लाट अमेरिकेत उठली. रेमंड लेवेन्थॉल यांनी १९६० च्या दशकात ‘हेक्सामेरॉन’ पुन्हा ऐकवले. अर्ल वाइल्ड यांनी थालबर्ग यांची ‘डॉन पास्क्वाले’ फँटसी मुद्रित केली आणि १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये केवळ रूपांतरांचे कार्यक्रम केले. त्याच सभागृहात फेब्रुवारी १९७४ मध्ये होर्हे बोलेत यांनी वाग्नर यांच्या ‘तानहॉयझर’च्या प्रारंभिकेचे लिस्टकृत रूपांतर वाजवले. साठीकडे झुकलेल्या या वादकाला त्या मैफलीने उशिरा का होईना, मोठी कीर्ती मिळवून दिली. त्यानंतर लेस्ली हॉवर्ड यांनी १९८५ पासून लिस्ट यांचे समग्र पियानोसंगीत मुद्रित केले. त्या ९९ सीडींच्या संचात एरवी कोणी हात न लावलेल्या ऑपेरा-रचनाही आल्या. फ्रांचेस्को निकोलोझी यांनी थालबर्ग यांच्या फँटसी उजेडात आणल्या. मार्क-आंद्रे आम्लँ यांच्या २०२० च्या अल्बममध्ये लिस्ट आणि थालबर्ग शेजारी-शेजारी ऐकता येतात, आणि त्यात थालबर्ग कुठेही फिके पडत नाहीत.

अशी रचना बसवायला घेणाऱ्याने आधी ऑपेरा ऐकला पाहिजे, त्याची शब्दसंहिता (लिब्रेटो) वाचली पाहिजे. गायक श्वास कुठे घेतो हे ठाऊक नसेल तर अलंकारांच्या गर्दीत चालीचे वाक्य तुटते. अनेक जुन्या प्रती स्वामित्वहक्कातून मुक्त असून ग्रंथालयांनी त्या स्कॅन करून ठेवल्या आहेत, त्यामुळे आता स्वरलिपी मिळवणे ही अडचण राहिलेली नाही. तरीही गाडी बहुधा लिस्ट आणि थालबर्ग यांच्यापाशीच थांबते. एमिल प्र्यूदाँ यांची ‘लुचिया’ फँटसी त्यांच्या काळात खूप गाजली होती. ती आणि थिओडोर ड्योलर, अलेक्झांडर ड्रायशॉक यांच्या ऑपेरा-रचना आज मैफलीत क्वचितच ऐकायला मिळतात.