ओपनएमआरएससाठी गूगल समर ऑफ कोड: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या दवाखान्यांत रुग्णनोंदी ठेवण्यासाठी 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनएमआरएस या मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रणालीवर अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, मानधनासह काम करण्याची संधी गूगल समर ऑफ कोड या गूगलच्या वार्षिक उपक्रमातून मिळू शकते. मात्र सहभागी संस्थांची यादी दरवर्षी नव्याने ठरते, त्यामुळे त्या वर्षी ओपनएमआरएसचे नाव तीत आहे का, हे आधी पाहावे.

अर्जदाराचे वय नोंदणीच्या वेळी किमान 18 वर्षे असावे लागते. 2022 पासून विद्यार्थी असण्याची अट उरलेली नाही. मुक्त स्रोत क्षेत्रात नवखे असणे पुरते. म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याइतकाच, कोड लिहिता येणारा केईएम किंवा शीव रुग्णालयातील निवासी डॉक्टरही अर्ज करू शकतो, आणि असे अर्ज अधिक यावेत असे वाटते.

कागदपत्रे मोजकीच असतात, अडचण येते ती नावाची. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचे नाव शेवटी, तर पॅन कार्डावर क्रम वेगळा असतो. मानधन पेओनियर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेमार्फत जमा होत असल्याने नोंदणी, ओळखपत्र आणि बँक खाते यांवरील नाव एकच आहे ना, हे वेळीच तपासावे.

निवडीत खरा भार प्रस्तावावर आणि त्याआधी केलेल्या कामावर असतो. नवख्यांसाठी राखलेली छोटी दुरुस्ती हाती घेऊन पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्यावा अशी विनंती) पाठवावी आणि मार्गदर्शकाने सुचवलेले बदल करून ती पूर्ण करावी. प्रस्तावात तंत्रज्ञानाच्या नावांची जंत्री देण्यापेक्षा दवाखान्यातील अडचण मांडावी: जन्मतारीख माहीत नसलेल्या आजींचे वय अंदाजे नोंदवण्याची सोय या प्रणालीत आहे, पण नोंदणी खिडकीवर रांग लागलेली असताना ती लिपिकाच्या चटकन लक्षात येते का, असा प्रश्न विचारणारा अर्जदार उठून दिसतो. मे महिन्यातील सत्र परीक्षेच्या तारखाही त्यात स्पष्ट लिहाव्यात; मार्गदर्शक त्यानुसार कामाची आखणी करतो.

प्रस्ताव पीडीएफ स्वरूपात गूगल समर ऑफ कोडच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन प्रस्ताव देता येतात. अंतिम मुदत 18:00 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर ती भारतीय वेळेनुसार रात्री 11:30 ला संपते. निवड झाल्यावर कराचा अर्ज भरावा लागतो, आणि मानधनाचे दोन हप्ते मध्यावधी व अंतिम मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यावरच मिळतात.