बंदुकीच्या कारखान्यात जायला 'शस्त्र अभियांत्रिकी'च लागते?

बारावीच्या निकालानंतर एक मेसेज फिरतो: शस्त्रनिर्मितीत नोकरीसाठी खास शस्त्रांचीच पदवी हवी, मेकॅनिकलवाल्यांना दार बंद. हे खरं नाही.

बंदूक हे आधी धातूचं काम आहे. नळीसाठी पोलाद निवडायचं, ते तापवून योग्य कठीणपणा आणायचा, मग आत पीळदार खाचा अगदी अचूक पाडायच्या. गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते ती या खाचांमुळे. यात मेकॅनिकल, प्रॉडक्शन, मेटलर्जी असं सगळं आलं. काडतुसातली दारू केमिकलकडे, रात्रीच्या दुर्बिणी इलेक्ट्रॉनिक्सकडे. शस्त्रांचं खास शिक्षण बरेचदा पदवीनंतर किंवा नोकरीत मिळतं.

पडताळायचं असेल तर खडकी, वरणगाव किंवा अंबाझरीच्या आयुध कारखान्यांच्या अभियंता भरतीच्या जुन्या जाहिराती काढा आणि फक्त 'शैक्षणिक पात्रता' वाचा. अशा खास पदवीची फी भरण्याआधी एवढं नक्की कराच.