ओटीडीआर मारला म्हणजे टेस्टिंग झालं का? पॉवर मीटर नेमकं वेगळं काय सांगतो

ऑप्टिकल फायबर केबलचं काम संपवून हँडओव्हर करताना साईटवर हे वाक्य हमखास कानावर येतं, "सगळ्या फायबरना ओटीडीआर मारलाय ना, मग परत पॉवर मीटर कशाला?" आणि छोट्या कामांत बरोबर याच्या उलट, मीटरवर रीडिंग बरं आलं की ओटीडीआर पेटीतून बाहेरच काढत नाहीत. दोन्ही मशीनच्या स्क्रीनवर शेवटी डीबीमध्येच आकडा येतो त्यामुळे एकच गोष्ट दोन मशीननी मोजतोय असं वाटतं, आणि मग एकावर भागवायचा मोह होतो. पण दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. पॉवर मीटर सांगतो या टोकाचा लाईट त्या टोकाला किती पोचला, आणि ओटीडीआर सांगतो वाटेत कुठे काय झालं.

पॉवर मीटरचं काम आधी बघू, कारण ते सरळ आहे. एका टोकाला लाईट सोर्स, दुसऱ्या टोकाला मीटर. सुरुवातीला सोर्स आणि मीटर एकाच पॅचकॉर्डने (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर वायर) जोडून रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठी पहिलं रीडिंग, घ्यायचा, समजा मीटरवर -7.0 डीबीएम आलं. मग मीटरच्या बाजूने पॅचकॉर्ड काढून ती लिंकला, म्हणजे तपासायच्या फायबर लाईनला, लावायची, पलीकडच्या टोकाला दुसरी चांगली पॅचकॉर्ड लावून मीटरवर बघायचं, तिथे -12.2 आलं तर लिंकचा लॉस 5.2 डीबी. डीबीएम म्हणजे त्या जागी असलेली पॉवर आणि डीबी म्हणजे दोन पॉवरमधला फरक, रिपोर्टमध्ये या दोन्हींची सरमिसळ केलेली असेल तर तो रिपोर्ट तिथेच परत पाठवावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि रेफरन्स घेतल्यावर सोर्सकडचा कनेक्टर हलवायचा नाही, हलवला की रेफरन्स गेला, परत घ्यायचा. रेफरन्स एका कॉर्डने घेतला की दोन कॉर्ड अडॅप्टरने जोडून घेतला हेही लिहिलेलं हवं, कारण दोन कॉर्डच्या पद्धतीत त्यांच्यामधल्या जोडाचा लॉस आधीच शून्य धरला जातो आणि लिंक आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

ओटीडीआर एकाच टोकाला बसतो. फायबरमध्ये लाईटचे छोटे पल्स सोडतो, काचेतून थोडासा लाईट सतत मागे विखुरला जातो, कनेक्टर किंवा तुटलेल्या टोकावरून जास्त परावर्तित होतो, हे परत आलेलं किती वेळाने आलं त्यावरून अंतर आणि किती आलं त्यावरून लॉसचा अंदाज. अंदाज हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण पलीकडे पोचलेला लाईट या मशीनने कधी बघितलेलाच नसतो. त्यामुळे सेटिंग चुकलं की आकडेही चुकतात. इंडेक्स (काचेत लाईट किती हळू चालतो तो आकडा) 1.468 च्या जागी 1.458 टाकला तर 12 किलोमीटरवर साधारण 80 मीटरचा फरक पडतो, म्हणजे खड्डा भलतीकडेच. पल्स विड्थचंही तसंच, 10 नॅनोसेकंदचा पल्स जवळपास मीटरभराचे तपशील वेगळे दाखवतो पण लांब जात नाही, 1 मायक्रोसेकंदचा लांब जातो पण 100 मीटरच्या आतले दोन जोड एकच दिसतात. सुरुवातीला लाँच केबल आणि शेवटी रिसीव्ह केबल, म्हणजे टेस्टपुरते जोडलेले जादा फायबरचे तुकडे, लावले नाहीत तर पहिला आणि शेवटचा कनेक्टर मोजलाच जात नाही, आणि धूळ नेमकी तिथेच बसलेली असते.

आता एक उदाहरण आकड्यांत बघा म्हणजे दोन्ही का लागतात ते कळेल. 12 किलोमीटरची लिंक, 4 किलोमीटरचे तीन ड्रम (केबलची रिळं), म्हणजे मध्ये दोन जॉइंट आणि दोन्ही टोकांना पिगटेलचे (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) दोन, असे चार स्प्लाइस, म्हणजे फायबर वितळवून केलेले जोड. 1310 नॅनोमीटरच्या लाईटवर बजेट, म्हणजे चालेल इतका जास्तीत जास्त लॉस, धरलं किलोमीटरला 0.35 डीबी, स्प्लाइसला 0.1, कनेक्टरला 0.5, तर 4.2 अधिक 0.4 अधिक 1.0 म्हणजे 5.6 डीबी. प्रत्यक्षात काच चांगली निघाली, 0.33 प्रमाणे 3.96, दोन कनेक्टर मिळून 0.4, तीन स्प्लाइस 0.05 चे म्हणजे 0.15, आणि चौथा स्प्लाइस 0.7 डीबीचा, सपशेल वाईट. बेरीज 5.21. पॉवर मीटर म्हणणार पास, आणि बेरीज म्हणून ते बरोबरच आहे! पण बाकीच्यांनी वाचवलेल्या लॉसवर तो एक जॉइंट लपून बसलाय, आणि पुढे लिंक वाढवली किंवा कुठे केबल तुटून दोन जोड वाढले की उरलेली जागा लगेच संपणार. ओटीडीआरच्या ट्रेसवर हाच जॉइंट पायरीसारखा उठून दिसतो, अंतरासकट, म्हणजे क्लोजर (जॉइंटचा डबा) उघडून ताबडतोब परत स्प्लाइस करता येतो, टीम अजून साईटवर असतानाच.

बरं, तो 0.7 तरी खरा का, हे एका बाजूच्या ट्रेसवरून ठरवायचं नाही. दोन वेगवेगळ्या ड्रमच्या फायबरचा लाईट मागे विखुरण्याचा गुण थोडा वेगळा असतो, त्यामुळे ओटीडीआर एका बाजूने स्प्लाइसवर चक्क गेन दाखवतो, आणि जोडामुळे लाईट वाढणं तर शक्यच नाही. समजा एखादा जोड एकीकडून -0.12 (उणे म्हणजे गेन) आणि दुसरीकडून 0.28 दिसला तर सरासरी 0.08, म्हणजे चांगला स्प्लाइस. एका बाजूचंच बघून लोक चांगले जॉइंट तोडतात आणि वाईट पास करतात, म्हणून स्प्लाइसची मर्यादा लावायची तर दोन्ही बाजूंनी शूट करून सरासरीवरच. वेव्हलेंथही (लाईटची तरंगलांबी) दोन घ्या, 1310 ला ठीक आणि 1550 ला त्याच जागी लॉस जास्त असेल तर बहुतेक स्प्लाइसचा दोष नाही, क्लोजरमधल्या ट्रेमध्ये फायबर कुठेतरी घट्ट वाकलंय.

आता ओटीडीआरला न दिसणारी गोष्ट. जॉइंटमध्ये एकाच ट्यूबमधले तिसरं आणि चौथं फायबर उलटसुलट जोडले गेले. दोन्ही ट्रेस एकदम सुंदर, लांबी तीच, लॉस तोच, पास पास. पण तीन नंबर पोर्टला लाईट सोडला की पलीकडे तीनवर अंधार आणि चारवर लाईट. हे पलीकडे मीटर घेऊन माणूस उभा असला की पहिल्या मिनिटात पकडलं जातं, नाहीतर सर्व्हिस चालू करायच्या रात्री. त्यामुळे इमारतीतल्या केबलिंगच्या टीआयए या अमेरिकन संस्थेच्या स्टँडर्डमध्ये लॉस आणि पोलॅरिटीची (फायबर बरोबर पोर्टला पोचलंय का याची) टेस्ट पहिल्या टियरला आहे आणि ओटीडीआर तिच्यावर जोडलेला दुसरा टियर, तिच्या बदल्यात नाही, हा क्रम मला अगदी योग्य वाटतो.

वेळही वेगवेगळी. ड्रम साईटवर आला की टाकायच्या आधी ओटीडीआर, कारण वाहतुकीत काय झालं ते तेव्हाच कळतं, केबल ओढल्यावर परत एकदा, स्प्लाइसिंगनंतर दोन्ही बाजूंनी. पॉवर मीटर मात्र सगळं संपून ओडीएफवर (फायबर जिथे पोर्टना येऊन संपतात ती फ्रेम) टर्मिनेशन झाल्यावर.

घरोघरी जाणाऱ्या पॉन नेटवर्कमध्ये, जिथे एक फायबर स्प्लिटरने अनेक ग्राहकांत वाटला जातो, हा गोंधळ जास्तच वाढतो. 1:32 स्प्लिटर एकटाच 17 डीबीच्या आसपास खातो, आणि एक्सचेंजकडून शूट केलं तर स्प्लिटरच्या पुढच्या सगळ्या फाट्यांचं परत येणारं एकत्र मिसळतं, कुठल्या ग्राहकाची लाईन वाईट ते सुटं करणं अवघड. म्हणून ग्राहकाच्या टोकाकडून वर शूट करतात, आणि नेटवर्क चालू असेल तर 1625 किंवा 1650 वर फिल्टरवाल्या पोर्टने. पण ग्राहकाला सर्व्हिस मिळणार का याचं उत्तर शेवटी 1490 (ग्राहकाकडे येणाऱ्या लाईटची वेव्हलेंथ) वरच्या मीटर रीडिंगमध्ये, जीपॉन या पॉनच्या प्रकारातल्या बी प्लस क्लासला -27 डीबीएमपर्यंत चालतं, पण काम नवीन असताना इतक्या काठावरचं रीडिंग मी तरी पास करणार नाही.

रिपोर्ट तपासताना पीडीएफवर समाधान मानू नका, ओटीडीआरची मूळ सोर (.sor) फाईल मागा, त्यात तारीख, वेळ, पल्स विड्थ, इंडेक्स सगळं असतं. एकाच फायबरचा ट्रेस नंबर बदलून चोवीस वेळा जोडलेला असेल तर दोन ट्रेस एकमेकांवर ठेवून बघा, शेवटच्या टोकानंतरचा नॉईज दोन वेगळ्या मोजण्यांत कधीच हुबेहूब सारखा येत नाही.

आणि दोन मशीनचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, थोडा फरक राहतोच, त्यात दोष शोधत बसू नका. फरक अर्धा डीबीच्या पुढे गेला तर मात्र आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर स्कोपखाली बघा आणि साफ करा, मग रेफरन्स नव्याने घ्या, मग रिसीव्ह केबल लावली होती का ते विचारा. एवढं करूनही फरक तसाच राहिला तर दुसऱ्या बाजूने शूट करा, क्लोजर उघडायचं का हे त्यानंतर ठरवा.