राजाश्रय आणि चर्च : उत्तर आफ्रिकेतील दुफळीची पार्श्वभूमी

रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला जवळ केल्यावर त्या धर्मात काय बदलले, या प्रश्नाची चर्चा बहुधा इ. स. ३२५ च्या निकिया येथील धर्मसभेपासून सुरू होते आणि श्रद्धासूत्रातील शब्दांभोवतीच रेंगाळते. सत्ता आणि चर्च यांच्यातील व्यवहाराची घडी मात्र त्याआधीच, ३१२ ते ३१६ या चार वर्षांत, कार्थेज आणि भोवतालच्या आफ्रिकी प्रांतांत बसली होती. ती बसवण्यात धर्मसिद्धान्तांपेक्षा अनुदान, मालमत्ता आणि करमाफी यांचा वाटा मोठा होता.

या प्रकरणाचे मूळ ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात आहे. फेब्रुवारी ३०३ मध्ये निघालेल्या शाही हुकमानुसार प्रार्थनागृहे पाडायची आणि धर्मग्रंथ जप्त करून जाळायचे होते. आफ्रिकेत या हुकमाची अंमलबजावणी स्थानिक नगर-अधिकाऱ्यांनी केली, आणि त्यातल्या एका जप्तीचा पंचनामा सुदैवाने आजही उपलब्ध आहे. १९ मे ३०३ रोजी सिर्टा येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील कॉन्स्टंटीन शहरात, अधिकारी प्रार्थनागृहात शिरले आणि कारकुनाने वस्तूंची यादी केली : सोन्याचे दोन चषक, चांदीचे सहा, चांदीचे दिवे, स्त्रियांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या पादत्राणांचे १३ जोड आणि स्त्रियांच्या पादत्राणांचे ४७ जोड. कपड्यांचा हा साठा गरिबांना वाटण्यासाठी असावा. ग्रंथ वाचकांच्या, म्हणजे प्रार्थनेत ते वाचून दाखवणाऱ्या सेवकांच्या, घरी आहेत, असे बिशपने सांगितले. वाचकांची नावे सांगायला चर्चच्या दोन कनिष्ठ सेवकांनी आधी नकार दिला. शेवटी अधिकारी घरोघर फिरले आणि बहुतेकांनी मुकाट्याने पोथ्या काढून दिल्या. एका घरी नवरा नव्हता, तेव्हा बायकोनेच सहा पोथ्या आणून दिल्या. आणखी काही दडवले आहे का, हे पाहायला नगराचा एक गुलाम आत पाठवण्यात आला. त्याच्या हाती काही लागले नाही.

छळ ओसरल्यावर साहजिकच प्रश्न उभा राहिला, की ज्यांनी असे ग्रंथ स्वाधीन केले त्यांचे काय करायचे, आणि त्यांच्यापैकी कोणी बिशप असेल तर त्याच्या हातून मिळालेली धर्मगुरूपदाची दीक्षा खरी मानायची का. कार्थेजचे बिशपपद रिकामे झाले तेव्हा घाईने एकाची निवड झाली. त्याला दीक्षा देणाऱ्या बिशपने ग्रंथ शत्रूच्या हवाली केले होते, असा आरोप झाला, आणि नुमिडिया प्रांतातील सत्तरेक बिशपांनी कार्थेजला येऊन ती निवड रद्द ठरवून दुसरा बिशप बसवला. आरोपामागे निखळ तत्त्वनिष्ठा होती असे म्हणता येत नाही. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी धर्मासाठी प्राण दिलेल्या एका रक्तसाक्षीचे हाड चुंबण्याच्या सवयीवरून पूर्वी याच नव्या बिशपकडून कानउघाडणी झालेली एक श्रीमंत बाईही या गटाच्या पाठीशी होती. तरीही, एरवी हे भांडण आफ्रिकेतल्या बिशपांनी आपसात निस्तरले असते किंवा चिघळू दिले असते. एका शहरात दोन बिशप ही स्थिती सरकारला दखल घेण्याजोगी नव्हती.

ऑक्टोबर ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइनने रोम जिंकले, त्याबरोबर आफ्रिकाही त्याच्या ताब्यात आली, आणि परिस्थिती पालटली. मिलान येथे ठरलेल्या सहिष्णुतेच्या धोरणाचे जाहीर पत्र निकोमेडिया येथे जून ३१३ मध्ये लागले; पण आफ्रिकेच्या नावे पत्रे त्याआधीच्या हिवाळ्यातच निघाली होती. एका पत्राने चर्चची जप्त मालमत्ता, बागा असोत की घरे, परत करण्याचा आदेश प्रांताधिपतीला दिला. दुसऱ्याने कार्थेजच्या पहिल्या बिशपला तीन हजार फोलिस इतकी घसघशीत रक्कम मंजूर केली, ती ठरलेल्या यादीप्रमाणे वाटायला सांगितली, आणि कमी पडल्यास शाही जमिनींच्या व्यवस्थापकाकडे निःशंक मागणी करण्याची मुभा दिली. तिसऱ्याने त्याच बिशपच्या अधिपत्याखालील धर्मगुरूंना सर्व सार्वजनिक जबाबदाऱ्यांतून मुक्त केले. या शेवटच्या सवलतीचे मोल आज चटकन लक्षात येत नाही. त्या काळी नगरसभेच्या सदस्यांना कर वसूल करावा लागे, तूट आली तर ती पदरमोड करून भरावी लागे, आणि या बोज्याखाली सुस्थितीतील घराणीही खचत.

इथेच अडचणीची सुरुवात झाली. सवलत द्यायची म्हणजे लाभार्थी कोण हे ठरवणे आले, आणि कार्थेजमध्ये तर स्वतःला खरे चर्च म्हणवणारे दोन दावेदार होते. सम्राटाच्या दरबाराने कोणतीही चौकशी न करता एकाचे नाव पत्रात घातले. ज्यांचे नाव नव्हते ते १५ एप्रिल ३१३ रोजी जमावाने प्रांताधिपतीकडे गेले. त्यांनी बिशपवरील आरोपांची चामड्याच्या वेष्टनातील मोहोरबंद पुडी आणि एक उघडा अर्ज सादर केला, आणि ज्या प्रांतात छळाची धग फारशी पोहोचली नव्हती, त्या गॉलमधून, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधून, न्यायाधीश नेमावेत अशी विनंती केली.

पुढची शंभर वर्षे या अर्जावरून वाद झाला. डोनॅटिस्ट म्हणून ओळखला गेलेला हा गट जेव्हा जेव्हा सरकारी जुलमाची तक्रार करी, तेव्हा प्रतिपक्ष हाच अर्ज पुढे करी : सम्राटाच्या दारात आधी तुम्ही गेलात, आता निकाल विरुद्ध गेला म्हणून ओरडता कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि पाठ्यपुस्तकांत तो फारसा न तपासता उतरला आहे. पत्रांचा क्रम मात्र वेगळेच सांगतो. अनुदान आणि माफीची पत्रे अर्जाच्या आधीची आहेत. शिवाय अनुदानाच्या पत्रातच एक कलम आहे, की लोकांना चर्चपासून फितवणारे कोणी असतील तर त्यांची तक्रार अधिकाऱ्यांकडे न्यावी, त्यांना तशा सूचना दिलेल्या आहेत. म्हणजे अर्ज येण्यापूर्वीच एका पक्षाला तिजोरी उघडी झाली होती आणि दुसऱ्याविरुद्ध दंडशक्ती हजर होती. अर्जदारांनी सत्तेला बोलावले असे म्हणण्यापेक्षा, आधीच घरात शिरलेल्या सत्तेकडे त्यांनी फेरविचाराची मागणी केली, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल. त्यांना तटस्थ बिशप हवे होते की सरकारी निवाडा, हेही अर्जाच्या शब्दांवरून नक्की करता येत नाही. डोनॅटिस्टांचा साळसूदपणा मात्र मान्य करण्याचे कारण नाही; निकाल बाजूने लागला असता तर त्यांनी तो राबवायला सैन्य नाकारले असते, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून वाटत नाही.

सम्राटाने गॉलचे तीन बिशप नेमून रोमच्या बिशपकडे चौकशी सोपवली. रोमच्या बिशपने त्यांत इटलीतले पंधरा बिशप मिसळले आणि सरकारी चौकशी मंडळाची धर्मसभा करून टाकली. संस्थेचे स्वातंत्र्य राखण्याची ही चतुर युक्ती होती. ऑक्टोबर ३१३ मध्ये तीन दिवसांत पहिला बिशप निर्दोष ठरला. तक्रारदार पुन्हा सम्राटाकडे गेले, तेव्हा त्याने १ ऑगस्ट ३१४ रोजी आर्ल येथे मोठी परिषद बोलावली. सिराक्यूजच्या बिशपला गेलेले बोलावणे वाचण्यासारखे आहे : सिसिलीच्या अधिकाऱ्याकडून सरकारी गाडी घ्यावी, दुय्यम दर्जाचे दोन सहकारी आणि वाटेत सेवेसाठी तीन नोकर सोबत आणावेत. दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्या यंत्रणेने बिशपांच्या पोथ्या जाळल्या, तीच आता त्यांच्या प्रवासाची सोय करत होती. पुढे ही सोय इतकी वाढली, की बिशपांच्या सततच्या सभांमुळे सरकारी टपालाची जनावरे जेरीस आली, असे त्या शतकाच्या उत्तरार्धात एका बिगरख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवले.

आर्लच्या निर्णयांत ग्रंथ स्वाधीन करणाऱ्याने दिलेली दीक्षाही वैध मानली गेली, हा या वादातला मुख्य निवाडा. त्याच यादीत शांततेच्या काळात शस्त्र खाली ठेवणाऱ्याला ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवण्याचाही एक नियम आहे. त्याचा नेमका अर्थ विवाद्य असला तरी पूर्वी सैनिकी पेशाविषयी साशंक असलेल्या समाजाच्या तोंडी असा नियम यावा, हे लक्षणीय आहे.

परिषदेनंतर सम्राटाच्या नावावर असलेल्या एका पत्रात, हे लोक माझा न्याय मागतात आणि मी तर स्वतःच ख्रिस्ताच्या न्यायाची वाट पाहतो आहे, असे उद्गार आहेत. तरी दोन वर्षांत न्याय त्यानेच केला. मधल्या काळात, फेब्रुवारी ३१५ मध्ये, कार्थेजच्या न्यायालयात दीक्षा देणाऱ्या बिशपवरील आरोपाची चौकशी झाली आणि त्याच्याविरुद्धच्या पत्राची शेपटी एका नगरसभासदाने बनावट जोडल्याचे निघाले. नोव्हेंबर ३१६ मध्ये अंतिम निकाल लागला, ३१७ पासून डोनॅटिस्टांची प्रार्थनागृहे जप्त होऊ लागली, आणि ख्रिस्ती सम्राटाच्या सैनिकांकडून ख्रिस्ती माणसे मारली गेल्याच्या आठवणी त्या पंथाने जतन केल्या. बळाचा उपयोग होत नाही हे दिसल्यावर ३२१ मध्ये सम्राटाने त्यांना देवाच्या न्यायावर सोडून दिले. ३३० मध्ये तर सिर्टा येथे सम्राटाने बांधून दिलेले प्रार्थनागृहच त्यांनी बळकावले, आणि त्याने अधिकृत गटाला स्वखर्चाने दुसरे बांधून देण्याचे मान्य केले.

साम्राज्यात इतरत्र याच धर्तीवर बदल होत गेले. करमाफीमुळे नगरसभांतील धनिक धर्मगुरू होऊ लागले, म्हणून श्रीमंतांना दीक्षा घेण्यास मज्जाव करणारे कायदे निघाले. ३२१ मध्ये चर्चला मृत्युपत्राने मालमत्ता स्वीकारण्याची परवानगी मिळाली, आणि ३७० मध्ये धर्मगुरूंनी विधवांच्या घरी घिरट्या घालू नयेत असा हुकूम रोमच्या बिशपलाच पाठवावा लागला. ३८० मध्ये एका विशिष्ट श्रद्धेला कायद्याचे बळ मिळाले. त्यानंतर पाचच वर्षांनी ट्रियर येथे एका स्पॅनिश बिशपला ख्रिस्ती राज्यकर्त्याच्या हुकमाने देहदंड झाला. आरोप जादूटोण्याचा होता, फिर्यादी बिशप होते, आणि तूरच्या बिशपने त्याविरुद्ध उघड नापसंती दाखवली होती.

आफ्रिकेत ३४७ मध्ये शाही प्रतिनिधी मदतनिधी घेऊन आले, तेव्हा डोनॅटिस्टांच्या प्रमुखाने विचारले : सम्राटाचा चर्चशी काय संबंध? हा प्रश्न ३१३ मध्ये विचारला असता तर त्याला अधिक वजन आले असते. विरुद्ध बाजूच्या एका बिशपने दिलेले उत्तर असे, की राज्य चर्चमध्ये नाही, चर्च राज्यात आहे. जून ४११ मध्ये कार्थेजच्या स्नानगृहात दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप शाही अधिकाऱ्यापुढे हजर झाले. लघुलेखक प्रत्येक शब्द टिपत होते आणि डोनॅटिस्टांनी प्रतिपक्षासोबत बसायचे नाकारून उभ्यानेच बाजू मांडली. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. जानेवारी ४१२ च्या कायद्याने दंडाची प्रतवारी ठरवली : सर्वोच्च दर्जाच्या व्यक्तीला पन्नास पौंड सोने, नगरसभासद, व्यापारी आणि सामान्य माणसाला पाच पौंड, गुलामांना मालकांनी समज द्यायची आणि कुळांना वारंवार फटके मारून वळवायचे. ज्या अधिकाऱ्याने निकाल दिला त्याचाच पुढच्या वर्षी एका बंडाच्या संशयावरून शिरच्छेद झाला.

या धोरणाला तात्त्विक आधार पुरवला तो हिप्पोच्या बिशपने. सुरुवातीला तो सक्तीच्या विरोधात होता. पण आपले जन्मगावच कायद्याच्या धाकाने एकीत आले, हे पाहून मत बदलल्याचे त्याने ४०८ च्या सुमारास लिहिले. येशूने सांगितलेल्या मेजवानीच्या दृष्टान्तातील 'त्यांना आत येण्यास भाग पाड' हे वाक्य त्याने यासाठी वापरले. देहदंड देऊ नये अशी विनवणी त्याने ४११ चा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला केली होती, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण नंतरच्या शतकांनी विनवणी विसरून वाक्य तेवढे उचलले, आणि १६८५ मध्ये फ्रान्समधील प्रोटेस्टंटांवरील सक्तीच्या समर्थनार्थही आफ्रिकेचाच दाखला देण्यात आला.

साम्राज्याच्या पूर्वेला याचा परिणाम उलटा झाला. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाल्यावर इराणमधील ख्रिस्ती शत्रूचे हस्तक ठरले, त्यांच्यावर दुप्पट कर बसला आणि ३४० च्या सुमारास मोठा छळ सुरू झाला. तेथील चर्चने पाचव्या शतकात आपला कारभार वेगळा केला. सहाव्या शतकातील एका व्यापारी प्रवाशाने पश्चिम किनाऱ्यावरील कल्लियाना येथे, जे बहुधा आपले कल्याण, इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. राजाश्रय असलेले चर्च या किनाऱ्यावर आले ते पोर्तुगीज आरमाराबरोबर. केरळच्या जुन्या ख्रिस्ती समाजाला १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे वाकवले ते गोव्याच्या आर्चबिशपने.

आफ्रिकेतील कायद्यांची कथा ४१२ ला संपली नाही. ४३९ मध्ये कार्थेज वांडल या जर्मानिक टोळीच्या हाती पडले. तेही ख्रिस्तीच, पण ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन मताचे. त्यांच्या राजाने फेब्रुवारी ४८४ मध्ये कार्थेजला चर्चा बोलावली, आणि ती फिसकटल्यावर जुने शाही कायदे पंथांची नावे फिरवून कॅथलिकांना, म्हणजे आजवरच्या अधिकृत गटाला, लागू केले. पन्नास पौंड सोन्यापासून सुरू होणारी दंडाची उतरंडही तशीच ठेवली. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सैन्याने प्रांत परत घेतल्यावर ५३५ च्या कायद्याने प्रार्थनागृहे कॅथलिकांकडे आली आणि पुन्हा बंदी निघाली. तिच्या यादीत एरियनांबरोबर डोनॅटिस्टांचेही नाव आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्याने मोडीत काढलेला पंथ तेव्हाही सरकारदरबारी दखल घेण्याजोगा होता.