नॅशव्हिल बघितलंय म्हणता, पण कुठलं? पिक्चर की सिरीयल?

मी कोणालाही नॅशव्हिल बघा म्हटलं की हमखास उत्तर येतं, हो हो बघितलंय, ती लालसर केसांची गायिका आणि तिच्या जागेवर डोळा ठेवून असलेली नवी पोरगी ना. अहो ती सिरीयल, २०१२ ते २०१८, सहा सीझन. मी म्हणतेय तो रॉबर्ट ऑल्टमनचा १९७५ चा पिक्चर. गोंधळ होणारच म्हणा, अमेरिकेतलं शहर तेच, तिथलं कंट्री म्युझिक तेच आणि इलेक्शनसुद्धा दोन्हीत आहे.

पण ते इलेक्शनच नीट बघा. सिरीयलमध्ये त्या लालसर केसांच्या गायिकेचा, रेनाचा नवरा टेडी मेयरसाठी उभा राहतो, मागे सासऱ्याचं वजन, म्हणजे राजकारण घरातलंच, नवरा-बायकोची कुरबुर आणि बापलेकीचा जुना राग त्यातूनच वाढत जातो. पिक्चरमधला हॅल फिलिप वॉकर राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालाय, पक्षाचं नाव रिप्लेसमेंट पार्टी, आणि जवळपास पावणेतीन तासांत त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही! नुसती भोंगे लावलेली व्हॅन गावभर फिरते, वकिलांना संसदेतून बाहेर काढा, राष्ट्रगीत बदला असलं काय काय त्याच्या आवाजात चालू असतं आणि लोक आपापल्या कामात. शूटिंग १९७४ च्या उन्हाळ्यातलं, राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाला तोच उन्हाळा.

पात्रं २४, दिवस पाच. वॉकरचा माणूस ट्रिपलेट गायकांना गोड बोलून सभेत गायला तयार करत फिरतो, हॅवन हॅमिल्टनसारख्या मोठ्या स्टारला गव्हर्नरपदाचं गाजर. आणि सुलीन गे, बिचारीला गाता येत नाही पण तिला ते उमगत नाही, तिला पक्षनिधीच्या कार्यक्रमात पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये कपडे उतरवायला लावतात, कशाच्या बदल्यात तर पिक्चरमधली मोठी गायिका बार्बरा जीन हिच्याबरोबर स्टेजवर गाण्याच्या आश्वासनावर. तो सीन बघताना मला दर वेळी पोटात तुटतं. सिरीयलमध्ये एवढं जिव्हारी लागणारं राजकारण मला कुठे सापडलं नाही.

गाण्यांचंही तसंच. सिरीयलची गाणी कसलेल्या गीतकारांची, घासूनपुसून केलेली, सुटी ऐकायला मस्तच. पिक्चरमधली बरीच गाणी नटांनी स्वतः लिहिलीत, तिथल्या कंट्रीवाल्यांपैकी अनेकांना ती आवडली नव्हती, पण नट कीथ कॅराडीनच्या 'आय एम इझी'ला ऑस्कर मिळालं. क्लबमध्ये तो ते गातो तेव्हा ऐकणाऱ्या चार बायकांना प्रत्येकीला वाटतं हे माझ्यासाठीच, आणि कॅमेरा मात्र त्यातल्याच मागे एकटी बसलेल्या नटी लिली टॉमलिनच्या चेहऱ्यावर जाऊन थांबतो, ती काही म्हणजे काहीच करत नाही, नुसती ऐकते.

पिक्चर लावलात तर पहिला अर्धा तास कोण कोणाचं काही कळणार नाही, सगळे एकदम बोलत असतात, ऑल्टमनने मुद्दामच तसं केलंय. तेवढा वेळ बंद करू नका.